बंधुराजांना न विचारता तयार झालेलं नाक

मोंगू, मंगळवार

आदरणीय इनोंगे वन्संना,

गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार (आठव्या महिन्यात गुडघे मनातच टेकावे लागतात, गोड मानून घ्या). तुमची कंबर आणि लिव्हिंगस्टोनची हवा, दोन्ही बरी असतील. इकडे मी ठीक. तुमच्या बंधुराजांची प्रकृती मात्र नाजूक आहे, कारण मूल तेच घडवताहेत.

तिसऱ्या महिन्यात मला दवाखान्यात नेलं तेव्हा हे कोरी वही घेऊन निघाले. मूल नऊ महिने सावकाश तयार होतं, आपण अधूनमधून सूचना द्यायच्या, अशी यांची समजूत (घराचं छप्पर घालताना दिल्या होत्या तशा, ते कसं गळतं ते तुम्ही पाहिलंच आहे). सिस्टर नामाकांडो म्हणाल्या की काळीज दुसऱ्याच महिन्यात धडधडू लागलं, हातपाय फुटले, बोटं सुटी झाली, नाकही आलं. यांचा चेहरा उतरला. "नाकसुद्धा? आम्हाला न विचारता?" तुमच्या घराण्याचं नाक टळावं म्हणून रदबदली करायला आले होते बिचारे. (मला ते नाक तुम्हा दोघांनाही शोभूनच दिसतं.) पुढे मूत्रपिंडं कामाला लागल्याची बातमी यांनी चर्चच्या पायरीवर पाद्रीबाबांना दिली. पाचव्या महिन्यात बाळाचे कान तयार होत आले, तेव्हापासून घरात कुणाबद्दल वाईट बोलायला बंदी. माझ्या माहेरच्यांना तेवढी सूट.

गेल्या गुरुवारी मासे साफ करताना मला कळा सुरू झाल्या. एकतिसावा आठवडा. सिस्टर म्हणाल्या, बाकी सगळं जागेवर आहे, फुप्फुसं मात्र अजून कच्ची. ती लवकर पिकावीत म्हणून इंजेक्शनं दिली. हे वही मिटून खाटेशी बसले. दोन दिवस एक सूचना नाही. एकदाच पोटाकडे बघून हळू म्हणाले, "सावकाश ये. आम्ही कुठं जात नाही."

तिसऱ्या दिवशी कळा थांबल्या. आता मी पडून असते आणि हे मक्याच्या पिठाचं बुहोबे शिजवतात. गुठळ्यांबद्दल मी बोलत नाही, कान ऐकताहेत.

तुमची,
नालिशेबो

ता. क. वरचं सगळं यांना वाचून दाखवलं. बऱ्याच दिवसांनी हसले. हे वाचून दाखवलेलं नाही: वन्सं, मला फार भीती वाटते. आई असती तर तिला बोलावलं असतं. तुम्ही या.

आणखी ता. क. पाकीट शोधताना यांच्या कोटात तुम्हाला लिहिलेलं पत्र सापडलं. मजकूर हाच, भीती दुप्पट. मी वाचलंय हे त्यांना सांगू नका. सहज आलात असं म्हणा.