राखेवरचा थेंब

भिंगार,
बुधवार

प्रिय नाना,

तुम्ही होतात तोवर मी तुम्हाला लिहिलेली सगळी पत्रं दोन ओळींची. 'मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवा.' ती तुम्हाला शाळेतले मास्तर वाचून दाखवायचे, मग त्यांच्या तोंडून ऐकवायला मनातलं काय लिहिणार? आता तिकडे कोण वाचून दाखवतंय ठाऊक नाही, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. गेल्या गुरुवारी मार्थाबाई डॉक्टरीण गॅरेजवर आल्या आणि तुमच्याविषयी असं काही सांगून गेल्या, की तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही.

बाईंच्या गाडीचं स्टेअरिंग पुन्हा गळायला लागलंय, नाना! तुम्ही शिवलेली बाही गळायला लागलीय.

पहिल्यांदा गळत होतं तेव्हा तुम्ही चार दिवसांसाठी माझ्याकडे आला होतात. गावातल्या विहिरींवर एकेक करत इंजिनं बसली होती. साऱ्या पंचक्रोशीच्या चामडी मोटा शिवणारे तुम्ही, आणि वर्षभर तुमच्याकडे मोट शिवायला एक माणूस आला नव्हता. हात रिकामे म्हणून करमत नाही म्हणालात. मी तुम्हाला गॅरेजच्या दारात स्टूल दिलं आणि माझ्या कामाला लागलो. खरं सांगू? तुम्ही घरीच बसावं असं वाटत होतं मला.

बाईंची ती छोटी विलायती गाडी जॅकवर होती. चाक फिरवलं की खाली एक दातेरी दांडा डावीकडे-उजवीकडे सरकतो, त्याला आम्ही रॅक म्हणतो. तो तेलात न्हालेला लागतो. तेल सांडू नये म्हणून त्याच्या टोकांना चुण्या-चुण्यांची रबरी बाही असते. बाईंच्या गाडीची एक बाही पार फाटली होती. तेल गेलं, की चाक जड होतं, मग अडकायला लागतं, आणि बाई तर नेवाशाच्या बाजूला खेड्यापाड्यांत बाळंतपणं करत फिरणाऱ्या. नगरला बाही नाही, पुण्याला नाही. मुंबईहून उत्तर आलं, गाडी जुनी झाली, माल येत नाही.

मी तोंडाने काहीबाही बडबडत होतो. तुम्ही स्टुलावरून उठलात आणि गाडीखाली वाकून पाहिलंत.

"ह्ये तर मोटंच्या सोंडंवानी हाय की रं, नाथा," तुम्ही म्हणालात. "चाक फिरव बरं जरा. हळू."

मी फिरवलं. का फिरवलं कोण जाणे! हसून सोडून देणार होतो. तुम्ही मातीत पाठ टेकून आडवे झालात आणि त्या दांड्यावर हात ठेवलात. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. डोळे मिटलेले. मग कमरेची सुतळी काढून दांडा कुठवर जातो, कुठवर येतो, त्याच्या गाठी मारल्यात. मी इंचपट्टी पुढे केली तर म्हणालात, "ऱ्हाऊ दे तुजी पट्टी."

पहिली बाही तुम्ही मोटेसारखी शिवलीत. कातडं भिजवलंत, चामड्याच्या वादीने टाके घातलेत. काय सुंदर दिसत होती! तेल भरलं, गाडीखाली तुम्ही चुलीतली राख चाळून पसरलीत. मोट तपासायची तुमची ही रीत. टांगायची, भरायची, खाली राख टाकायची आणि सकाळी बघायचं.

सकाळी राखेचा काळा चिखल झाला होता.

आणि मी काय बोललो, नाना? "ही काय विहीर आहे का?" असं चारचौघांत ओरडलो तुमच्यावर. तुम्ही रागावला नाहीत. बाही काढून मांडीवर घेतलीत आणि एकेक टाका बोटाने चाचपत बसलात. मग म्हणालात, "चूक माजी हाय. वादी पान्यानं फुगती आन् भोक बुजवती. तेलानं ती कशाला फुगंल? मी पान्यासाटी शिवलं. तेलाचं येगळं."

चाळीस वर्षं पाण्यासाठी शिवणारा माणूस दुसरी कुठली चूक करणार होता?

मग तुम्हाला तुमच्या आज्याचे बुधले आठवले, तेला-तुपाचे चामडी बुधले. चिंचोके भाजलेत, दळलेत, त्यांची खळ शिजवलीत. शेळीचं मऊ कातडं आणलंत. वादी नाही, सुती दोरा, खळीत बुडवलेला. टाके इतके जवळ की मधे नख शिरेना. प्रत्येक चुणी सुतळीच्या गाठीशी लावून पाहत होतात. दोन दिवस सावलीत वाळवलीत. मग तेल भरलं. आणि राख.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला हाक मारलीत. "ये. बघ." एवढंच.

राख पांढरी होती, नाना! तुम्ही चाळून पसरली तशीच. मुंगीची वाट तेवढी उमटली होती. मी गाडीखाली पडून त्या बाहीकडे बघत राहिलो. चाक फिरवलं की ती एकीकडे मिटत होती, एकीकडे उघडत होती. विलायतेतल्या माणसांनी रबर ओतून जे केलं होतं, ते तुम्ही आरी आणि दोऱ्याने केलं होतंत, आकड्याशिवाय, कागदाशिवाय!  पण हे मी तुम्हाला बोललो नाही. आज बोलतोय, त्याचा काय उपयोग?

त्याहून वाईट पुढे आहे. दुपारी बाई आल्या. लष्करी छावणीतले दोन हवालदार आपली मोटारसायकल घेऊन बसले होते, शेजारचा वेल्डर होता. बाईंनी चाक फिरवून पाहिलं आणि खूश होऊन विचारलं, "कुठे मिळाली रे बाही?"

आणि मी म्हणालो, "मुंबईहून मागवली, बाई."

इथे सगळ्यांना सांगून ठेवलं होतं ना मी, वडील शेती करतात म्हणून! कातड्याचं काम करतात हे सांगायची लाज वाटायची मला. तुम्ही तीन हात अंतरावर तंबाखू मळत बसला होतात. तुमचं मळणं थांबलं नाही. मान वर केली नाहीत. संध्याकाळच्या एस.टी.ने जातो म्हणालात आणि गेलात. निदान एक शिवी तरी द्यायची होतीत!

मग दुष्काळ आला. इंजिनांच्या विहिरीही आटल्या. तुम्ही आणि आई रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन राहिलात, मी येत-जात राहिलो, पण त्या दिवसाबद्दल ना तुम्ही काही बोललात, ना मी. तीन महिन्यांपूर्वी तुम्ही गेलात.

आता गुरुवारचं सांगतो. बाई आल्या, चाक जड लागतंय म्हणाल्या. मी गाडीखाली शिरलो. बाही बाहेरून सुकून कडक झाली होती आणि एका चुणीला चीर गेली होती. मला कळेना. दीड वर्ष जी जराही पाझरली नाही, ती तीन महिन्यांत इतकी कशी वाळली?

"बाई, गेल्या तीन महिन्यांत गाडी कुठे उन्हात उभी होती का?" मी विचारलं.

बाईंनी चाकावरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "नाना गेल्यापासून हिला तेल कोण लावणार, नाथा?"

त्यांनी सांगितलं ते असं. तुम्ही इथून गेलात, त्यानंतरच्या पहिल्याच बाजाराच्या दिवशी बाई तुमच्या गावावरून चालल्या होत्या, तर तुम्ही रस्त्यात हात वर करून उभे! त्यांना वाटलं, कुणी अडलीय. तुम्ही म्हणालात, "वाईच गाडीखाली जाऊ द्या." वाटीत करडईचं तेल होतं. बोटाने प्रत्येक चुणीला लावलंत. आणि मग दर बाजाराला, उन्हाळ्यात, दुष्काळात, खायला तेल नव्हतं तेव्हासुद्धा! बाई कडुलिंबाखाली पेशंट तपासायच्या, तेवढा वेळ गाडी तुमच्या राखेवर उभी. निघताना तुम्ही राख बघायचात आणि मान हलवायचात.

"मी विचारलं एकदा," बाई म्हणाल्या, "नाना, एवढं का करता? तर म्हणाले, ही बाही लई लांबून आनलीय म्हनं पोरानं. जपाया पायजे."

नाना! असं कुणी बोलतं का हो? माझं खोटं तुम्ही दीड वर्ष वाटीभर तेल लावून सांभाळलंत!

मी म्हणालो, "बाई, ती मुंबईची नव्हती. नानांनी शिवली होती. माझे वडील मोटा शिवायचे." वेल्डर ऐकत होता. ऐकू दे म्हटलं.

"मला त्या पहिल्याच बाजाराला, खाली वाकून पाहिलं तेव्हाच कळलं होतं," बाई म्हणाल्या. "टाके ओळखू येतात रे मला. माझाही तोच धंदा आहे. पण ते बोलले नाहीत, तू बोलला नाहीस, मग मी कशाला बोलू?"

दहाव्याला आईने तुमची हत्यारांची पिशवी माझ्या हातात दिली होती, ती मी फळीवर टाकून ठेवली होती. गुरुवारी खाली काढली. टोचायची आरी, कातडं कापायची रापी, खळीचं भांडं, आणि तळाशी ती गाठींची सुतळी. तुम्ही जपून ठेवली होतीत! बाजारात शेळीचं कातडं घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "तुमी तर गाड्यांचं काम करता, ह्ये कशाला?" मी म्हणालो, "बापाचं काम हाय." तोंडातून तुमचीच बोली निघाली.

चिंचोके पहिल्यांदा करपवले. खळ पातळ झाली. आरी अंगठ्यात घुसली. तुम्ही लहानपणी माझा हात धरून टाका शिकवायला बघायचात आणि मी पळून जायचो. आता हात धरायला कुणी नाही, तर मी तुमचीच जुनी बाही उसवत गेलो आणि टाक्यामागून टाका शिकत गेलो. किती बारीक काम, नाना! चुणीच्या वळणावर तुम्ही टाका तिरका घेतलाय, ताण पडला तरी दोऱ्याने कातडं कापू नये म्हणून. हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मी पंधरा वर्षं गाड्या उघडतोय, इतका विचार करून केलेलं काम मी कुठल्या कारखान्याचं पाहिलं नाही.

काल बाही बसवली. तेल भरलं. राख चाळून पसरली.

आज सकाळी जाऊन पाहिलं. राखेवर एक थेंब होता. ज्वारीच्या दाण्याएवढा.

वेल्डर म्हणाला, एका थेंबाने काय होतंय, देऊन टाक. बाई शुक्रवारी यायच्या आहेत. एस.टी.ने हाल होताहेत त्यांचे, मला ठाऊक आहे. पण तुम्ही दिली असती का गाडी?

थेंब तिसऱ्या चुणीच्या वळणावरून आलाय. तिथे माझा टाका सरळ पडला. हे पत्र संपवलं की उसवायला बसतो, गॅरेजच्या दारात, तुमच्या स्टुलावर. शुक्रवारी बाईंना सांगेन, अजून थांबा. राख पांढरी राहीपर्यंत मी त्यांच्या हाती चाक देणार नाही, नाना. आणि त्यानंतर दर बाजाराला बाई निघण्याआधी गाडी इथे उभी राहील, वाटी घेऊन मी खाली शिरेन. कुणी विचारलं काय लावतोस, तर तुमचं नाव सांगेन, आणि गावाचंही.

तुमचा,
नाथा
मोट शिवणाऱ्याचा मुलगा