उजव्या चाकाचा सांधा

प्रिय दादा,

नमस्कार.

"या घरात कुणाला काही सांगायचं नसलं, की तो गाडीखाली जातो," असं आई एकदा म्हणाली होती. तू तेव्हा गणितात नापास झाला होतास आणि बाबा दोन दिवस सलग गाडीचं ऑइल बदलत होते. (एवढं ऑइल त्या गाडीत मावत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.)

तुझी कंबर कशी आहे? वहिनीचा गुडघा? सांध्यांचीच चौकशी करतेय, कारण गेला आठवडाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. तू फोनवर सरळ विचारलंस, बाबांनी अजून गाडी चालवावी का, हो की नाही एवढंच सांग. मी म्हटलं, दुरुस्तीच्या निमित्ताने दिवसभर त्यांच्याजवळ असेन, नीट बघते आणि कळवते. तर हे कळवणं. (एवढंच सांगता आलं असतं तर फोनवरच नसतं का सांगितलं?)

गाडी खड्ड्यातून गेली की पुढून खडखड ऐकू यायची. बाबांनी निदान केलं, बॉल जॉइंट गेला. म्हणजे आपल्या खुब्यात वाटीत फिरणारा गोळा असतो ना, तसाच पुढच्या चाकांनाही असतो. तो झिजला की चाक लटपटतं, आणि निसटला तर चाक आडवं पडतं. गॅरेजमध्ये देऊ या म्हटलं, तर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांनाच दवाखान्यात भरती करायला निघालेय. शेवटी ठरलं की डोकं त्यांचं आणि हात माझे, कारण त्यांचे आता थरथरतात. ते स्टुलावर, मी खाली सतरंजीवर. मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढून जॅकने गाडी उचलली, जॅकवर भरवसा नको म्हणून खाली स्टँड सरकवला. कुठल्या बाजूचा, विचारलं. "उजव्या," बाबा म्हणाले, आणि इतक्या ठामपणे म्हणाले की मला आवाज कुठून येत होता ते आठवायचीही गरज वाटली नाही.

नट सुटला, सांधा काही सुटेना. त्याचा निमुळता दांडा भोकात असा रुतून बसला होता, की दोघं एकत्रच जन्माला आले असावेत. तू मला ओळखतोस, मी हातोडी उचलली आणि दांड्याच्या डोक्यावर तीन घाव घातले. आटे चेपले. एवढ्याशा चुकीसाठी बाबांनी तुला एकदा अंगणातून हाकललं होतं, मला मात्र नुसतं म्हणाले, "डोक्यावर मारून नाही सुटत गं, बाळ." (बाळ त्रेचाळीस वर्षांची आहे आणि त्या वेळी तिच्या भुवयांवर ग्रीस होतं.) ते ओरडले नाहीत याचंच मला जरा वाईट वाटलं.

इतक्यात शेजारचे हेडमास्तर कुंपणापाशी आले. निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग मिळत नाही, म्हणून ते आमच्याकडे येतात. आधी म्हणाले उकळतं पाणी ओता, मग म्हणाले तेल सोडा, आणि शेवटी, "पण मुळात काढताच कशाला?" आम्ही दोघांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं.

मग बाबांनी पेटीतून पुलर काढायला लावला. दोन जबड्यांचं लोखंडी अवजार, मधे स्क्रू. स्क्रू आवळत गेलं की दांडा दाबला जातो. नट दोन आटे परत चढवून ठेवायला सांगितला, म्हणजे सुटताना काही अंगावर येत नाही. मी हात दुखेपर्यंत आवळलं आणि विचारलं, आता?

"आता चहा."

ताण द्यायचा आणि गप्प बसायचं, यातली खरी विद्या म्हणे एवढीच. अर्धा कप झाला आणि गाडीखालून धाडकन आवाज आला. हेडमास्तर "फुटला, टायर फुटला!" करत जास्वंदीत शिरले. बाबा हसायला लागले. दादा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

नवा जॉइंट बसवला. आता गाडी आवाज करत नाही. बाबा इतके खूश आहेत की येत्या रविवारी कारखान्यातल्या जुन्या जोडीदाराकडे मोठ्या रस्त्याने, दीड तास, स्वतः चालवत जाणार आहेत. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो, चालवावी. उगाच काळजी करू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्र दोन दिवस टेबलावर पडून आहे, कारण वरचं "हो" खरं नाही. काढलेला जॉइंट मी फिरवून पाहिला. घट्ट होता, रबर मऊ, ग्रीस ताजं. त्याला काहीही झालं नव्हतं. बिघाड डाव्या चाकात होता. बाबांनी तो काढलेला जॉइंट हातात घेतला, बराच वेळ नुसता फिरवत राहिले, मग म्हणाले, "घाल नवा." मी घातला. त्यांच्या लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते दुपारचे झोपायला गेले तेव्हा मी भाजीला जाते म्हणून गाडी अगदी चालण्याच्या वेगाने गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी डावा जॉइंट बदलला आणि म्हणाले, "ताई, आणखी आठवडा काढला असता ना, तर चाक आडवं पडलं असतं." मी भाजी न घेताच घरी आले. बाबांनी भाजीचं विचारलंही नाही. खडखड थांबली आणि आपला हात अजून शाबूत आहे, अशी त्यांची खात्री पटली. रविवारचा बेत त्या खात्रीवर आहे, आणि ती खात्री मी दिली. गेल्या महिन्यात ते हिरव्या दिव्याला थांबले आणि लाल लागल्यावर निघाले. मी शेजारी बसले होते. तेही तुला सांगितलं नव्हतं.

ता. क. दुसरा. खरं काम हे. मी किल्ली मागितली तर ती काढून घेतल्यासारखी होईल, आणि त्यानंतर ते त्या स्टुलावर परत बसायचे नाहीत. म्हणून तू शनिवारपर्यंत ये आणि गाडी तुझ्यासाठी माग. तुझ्या दारात दुसरी गाडी लावायला जागा नाही, वहिनी हिला डबा म्हणते, आणि घर सोडल्यापासून तू बाबांकडे कधीच काही मागितलेलं नाहीस, हे मला सगळं माहीत आहे. तू नाहीच म्हणणार. तरी एकदा त्यांच्यासमोर उभा राहून म्हणशील का, "बाबा, ही मला द्या"?