कुंकवाचा डाग पडलेलं पिस्तूल

अर्विंग, टेक्सास

प्रिय वल्लरी,

तुझा मेसेज आला तेव्हा मी नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि गप्प बसले, म्हणून आत्यावर रुसली असशील. स्टीलचं घेऊ की हलकं, एवढंच विचारलंस तू. एका ओळीत सांगण्यासारखं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. आणि पत्र टाइप केलेलं बघून नाक मुरडू नकोस. हातानंच लिहायला घेतलं होतं, पण माझं अक्षर हल्ली ओळीच्या शेवटी मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक होत जातं. तुला ते अक्षर लागलं नसतं. म्हणून आयपॅडवर एका बोटानं टुकटुक करत बसले आहे. चहा गार झाला, परत करून घेतला, तोही गार झाला.

तुझा कुश म्हणतो हलकं घे, दुकानातला पोरगाही म्हणतो हलकं घे. जावयाला सांग, पिस्तूल म्हणजे लॅपटॉप नव्हे, वजन कमी म्हणून चांगलं ठरायला. तुला रविवारी रेंजवर नेम धरायला आवडायला लागलंय आणि ईडन प्रेरीहून वर तळ्यांकडे कॅम्पिंगला जाता तेव्हाही ते कमरेला असावं असं वाटतंय. एकाच भांड्यात वरण आणि शिरा दोन्ही करायचं म्हणतेस. होतं तसंही, पण वरणाला शिऱ्याचा वास लागतो. अस्वलांची भीती असेल तर आधी तो मिरचीचा स्प्रे घ्या आणि खाणं तंबूपासून लांब ठेवा. पिस्तूल हा त्यावरचा पहिला उपाय नव्हे, हे मी तुला याआधीही सांगितलंय.

स्टीलचं पिस्तूल म्हणजे आपला बिडाचा तवा. उचलताना मनगट कुरकुरतं, पण एकदा बसला की हलत नाही. गोळी सुटली की हाताला जो हिसका बसतो, तो त्याचं वजनच पिऊन टाकतं. नळी कमी उडते, दुसरा नेम लवकर धरता येतो, शंभर गोळ्या झाडून घरी आलीस तरी पोळ्या लाटता येतील. हलकं, ते टणक प्लॅस्टिकच्या मुठीचं, म्हणजे नॉनस्टिक. न्यायला सोपं, घामानं गंजायचं भय कमी, दिवसभर ट्रेलवर चाललीस तरी कमरेला ओझं नाही. पण गोळी तीच असली तरी हिसका जास्त जाणवतो, आणि नवशिक्याचा हात त्या हिसक्याला भिऊन आधीच खाली जातो. मग टार्गेटवर सगळ्या गोळ्या तळाशी, आणि माणूस पिस्तुलाला नावं ठेवतो.

हे मला कुणी वर्गात बसवून शिकवलं नाही. तुझे आतोबा गेले तेव्हा कपाटात त्यांचं स्टीलचं पिस्तूल राहिलं होतं. आमचा नकुल म्हणाला विकून टाक. मी म्हटलं, जी वस्तू घरात आहे ती हाताळता आली पाहिजे, नाहीतर ती घरात नसावी. आणि गेले रेंजवर, सलवार-कमीजमध्ये, कानावर ते मोठे इअरमफ लावून. लॉरीन नावाची बाई तिथं शिकवते. माझ्याच वयाची, चांदीसारखे केस, तोंडानं फटकळ. पहिल्या दिवशी माझी ओढणी बघून म्हणाली, हनी, हा पडदा आधी गाडीत ठेवून ये. तेव्हापासून आमचं जमलं. नकुल मात्र कॅरीहून फोन करून अजून सांगतो, आई, बी नॉर्मल, तुझ्या वयाच्या बायका भजनाला जातात. मी त्याला सांगते, अरे, भजनालाही जाते, मंगळवारी.

त्या पिस्तुलावर डावीकडे करड्या निळ्या स्टीलमध्ये एक तांबूस ठिपका आहे, तू पाहिलायस. तुला वाटलं होतं कारखान्याची खूण असेल. ती आतोबांची खूण. एका खंडेनवमीला त्यांनी ते रिकामं करून, दोनदा तपासून, पाटावर मांडलं. शेजारी ड्रिल, स्क्रूड्रायव्हरचा संच, माझी विळी आणि ऑफिसचा लॅपटॉप. सगळ्यांना ओलं हळदकुंकू, झेंडूचं फूल. दसऱ्यापर्यंत पुसायचं नाही, शस्त्राचा मान आहे, असा हुकूम. त्याच संध्याकाळी नकुलकडे जायला निघालो, गडबडीत आहे तसं कपाटात कुलूपबंद केलं आणि आठवड्यानं आलो. लॅपटॉपचं कुंकू पुसलं गेलं, विळीला आंघोळ घातली, पण पिस्तुलावर कुंकवाखाली गंज बसला होता. आतोबा तेल आणि फडकं घेऊन बसले, डाग काही हटेना. शेवटी म्हणाले, राहू दे, सवाष्ण दिसतंय. तर सांगायचं काय, स्टीलला माया लागते. ट्रेलवरून आलीस की घाम पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा. तुझ्या घरचा बिडाचा तवा मी पाहिलाय, वल्लरी. तो सिंकमध्ये भिजत पडला होता.

हलकं मी गेल्या वसंतात घेतलं. लॉरीनच्या रँचवर फिरायला जाते, तिथं रानडुकरं आहेत, साप आहेत, आणि स्टीलच्या वजनानं माझी जीन्स एका बाजूनं उतरायला लागली होती. पट्टा कितीही आवळला तरी तेच. लॉरीन हसून हसून कुंपणाला टेकली. तर हलकं घेतलं, त्याच्यावर तो नव्या पद्धतीचा लाल ठिपका बसवून घेतला. काचेत ठिपका दिसतो, तो जिथं ठेवशील तिथं गोळी जाते. सोय म्हणून घेतला. ठिपका सगळ्यांचाच थोडा नाचतो, हे लॉरीननं आधीच सांगितलं होतं.

माझा थांबेना. मी मूठ बदलून पाहिली, रबराचं वेष्टण लावलं, उपाशीपोटी गेले, खाऊन गेले. गोळ्या पानभर पसरलेल्या, जणू कुणी मोहरी उधळलीय. लगेच स्टीलचं उचलावं, तर सगळ्या गोळ्या एका वाटीत. मी म्हटलं, बघ, हलकं वाईटच. महिनाभर भजनाला, वाण्याकडे, जो भेटेल त्याला मी हलक्या पिस्तुलाच्या कागाळ्या सांगितल्या. मग एके दिवशी लॉरीननं माझंच हलकं उचललं आणि पाचच्या पाच गोळ्या मधोमध घातल्या. पिस्तूल रिकामं करून खाली ठेवलं आणि माझा उजवा हात तिच्या दोन्ही हातांत धरून बसली. फटकळ बाई गप्प बसली की समजावं.

हलकं वाईट नव्हतं गं. जडानं माझा हात सांभाळून घेतला होता, जसं सासूला सून सांभाळून घेते, चारचौघांत तिची चूक स्वतःच्या अंगावर घेऊन. हलक्यानं जसं आहे तसं दाखवलं. मी डॉक्टरकडे गेले, एकटीच. त्यांनी मला चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली, कागदावर एक ओळ लिहून घेतली. ओळीच्या शेवटी मुंग्या झाल्या. पार्किन्सन्सची सुरुवात आहे, औषधं सुरू केली आहेत. घाबरू नकोस, मीही घाबरले नाही, म्हणजे दोन दिवसच. नकुलला मी रविवारी स्वतः सांगणार आहे. तू आधी फोन करायचा नाहीस.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर, ज्यासाठी ही एवढी टुकटुक. जडावर शिक, हलकं बरोबर ने, आणि दोन्हींपैकी एकही विकत घेऊ नकोस. तू पहिल्यांदा रेंजवर आलीस तेव्हा मी तुला सांगितलं होतं, ज्याला आपल्या बोटाचा भरवसा नाही त्यानं चापाला हात लावू नये. तो नियम आत्याला माफ नाही. माझी शेवटची गोळी झाडून झाली आहे, दोन्ही पिस्तुलं साफ करून, कुलूप लावून, किल्ली लॉरीनकडे दिली आहे. कुणी सोड म्हणायच्या आत मीच सोडलं, याचं मला बरं वाटतं. दोन्ही तुलाच द्यायची आहेत, पण राज्यं वेगळी, त्यामुळे हातोहात देता येत नाहीत. इथल्या दुकानातून तुझ्या तिथल्या दुकानात जातील, तू तिथं चौकशीचे सोपस्कार करून घे. पण त्याआधी खंडेनवमीला इकडे ये. पाट मी मांडीन. कुंकू कोरडं, आणि पूजा झाली की लगेच पुसायचं. मग रेंजवर जाऊ. तू झाड, मी तुझ्या मागे बसून गोळी कुठं लागली ते सांगेन. त्यासाठी दुर्बीण घेतली आहे, तिपाईवरची. ती हलत नाही.

तुझीच,
शुभाआत्या