ढगोबाची दोन मापं

वेधशाळा, डोंगरमाथा
३ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. इथे ढग खिडकीच्या खाली असतात आणि वर आभाळ रिकामं, त्यामुळे जाग आली की कुणीतरी घर उलटं टांगलंय असं वाटतं. दर तीन तासांनी ढगांची नोंद करायची, एवढंच काम. फोन फक्त अडीनडीला. टपाल आठवड्यातून एकदा येतं.

ढगोबाला मी तुझ्यावर, फक्त तुझ्यावर सोपवलंय. दिवसभर वाळलं गवत, हवं तितकं. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, ते गवत चावूनच झिजतात, आणि पोटही त्यावरच चालतं. सकाळी खाद्याच्या गोळ्या, उकडलेलं अंडं ठेवायच्या छोट्या कपाने एकच माप. संध्याकाळी धुतलेला पाला मूठभर. गाजर ही त्याची मिठाई. बोटाच्या पेराएवढं, तेही आठवड्यातून दोनदा. तो मागच्या पायांवर उभा राहून कितीही केविलवाणा चेहरा करो, विरघळू नकोस. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. सूर लावायला बसले की ते स्वतःचंच जेवण विसरतात.

माया आहे तेवढी असू दे, ढगोबासारखी फुगली तरी चालेल.
तुझी,
खारूताई


वेधशाळा, डोंगरमाथा
३ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पोचले. हवा इतकी पातळ आहे की तुमच्या पियानोची एक पट्टी दाबली तर दरीपलीकडे ऐकू जाईल.

एक काम तुमच्यावर, फक्त तुमच्यावर सोपवते. ढगोबाच्या जेवणाचा कागद सोबत आहे. मापाचा कप तुमच्या फळीवर ठेवलाय. आत्याला सांगितलेलं नाही. ती मनाने मऊ आहे, त्याला बिस्किटं भरवील. शिवाय सांगणार तरी कोण? आईचे कपडे आत्याने न विचारता देऊन टाकले, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून तुम्ही वर, ती खाली, आणि जिन्यात निरोप्या मी. आता मीही नाही.

तुमची आठवण येते, ती कमी होऊ देऊ नका.
खारूताई


घर, तळमजला
१७ एप्रिल

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पुस्तकं दाबायच्या यंत्राखाली ठेवलंय, म्हणजे चुरगळणार नाही. पन्नास वर्षं पुस्तकं बांधली, मला माप शिकवतेस? गोळ्या कपाच्या काठोकाठ, वर दाणा नाही. गाजर पट्टीने मोजून कापते. माझ्या या व्यवस्थितपणाला ढगोबा हसत असावा, कारण मिशा सारख्या हलतात.

दुपारी उन्हाचा चौकोन टेबलावरून सरकत जमिनीवर येतो आणि हा बरोबर त्यात येऊन पसरतो. मग मलाही डुलकी लागते. परवा तर मी त्याच्या पाठीवरून चालत ढगांतून तुझ्याकडे आले होते. मऊ वाट होती.

एकच खटकतं. गवताला तोंड लावत नाही. टोपली भरलेली ती भरलेलीच. आणि अंगाने गरगरीत होत चाललाय. वरच्या गृहस्थांच्या पियानोचा परिणाम म्हणावा तर पियानो ऐकून कुणी जाड झाल्याचं ऐकलं नाही. सकाळी जेवला की जिना चढून तिकडे जातो, एवढं खरं. काय आवडतं त्याला तिथे कोण जाणे.

आशीर्वाद भरपूर, मापाशिवाय.
आत्या


घर, वरचा मजला
१८ एप्रिल

चि. खारूताईस,
आशीर्वाद.

तुझा ससा वक्तशीर आहे. सकाळी आठला दाराशी हजर. मी एक माप गोळ्या देतो, मग तो पियानोखाली आडवा होतो. मंद्र सुरांची तार छेडली की त्याचे कान खाली येतात, तार सप्तकाला उभे राहतात. इतका चांगला श्रोता मला जन्मात मिळाला नाही. दुपारभर तो खाली लोळतो आणि मी वर तारा पिळतो. दिवस कसा पाण्यासारखा वाहून जातो.

पण गवत चावण्याचा खसखस आवाज पूर्वी तुझ्या खोलीतून यायचा, तो आता येत नाही. कानाला चुकल्यासारखं वाटतं. पाला खातो, गाजर खातो, गवत नाही. तुझ्या कागदाबाहेर मी एक कणही दिलेला नाही. तळमजल्यावरून काही लाड होत असतील तर मला कळायला मार्ग नाही.

तब्येत सांभाळ. पत्र लांबलं तरी चालेल, थांबू नये.
बाबा


वेधशाळा, डोंगरमाथा
२४ एप्रिल

ती. बाबा आणि ती. आत्या, दोघांस,
सा. न.

तुमची दोन्ही पत्रं आज एकाच थैलीतून आली. शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि काय झालंय ते कळलं. चूक माझी आहे. मी दोघांनाही वेगवेगळं सांगितलं की फक्त तुमच्यावर सोपवते. एकाला सांगितलं असतं तर दुसऱ्याला लागलं असतं, असं वाटलं. तुम्ही दोघांनी माप चोख पाळलंत, म्हणून त्याला सगळं दुप्पट मिळालं. पोट गोळ्यांनी भरल्यावर तो गवत कशाला खाईल? आणि गवत सुटलं तर सशाचं पोट बंद पडतं.

फोन सकाळपासून लावतेय, वाऱ्यामुळे लागत नाही. म्हणून हे एकच पत्र, एकाच पाकिटात. ते एकत्र वाचायला लागेल, त्याला माझा इलाज नाही.

रागवा, पण दोघं मिळून रागवा.
खारूताई


घर
२८ एप्रिल

चि. खारूताईस,
आशीर्वाद.

तुझं पाकीट आज आलं. त्यातलं सगळं आम्हाला चार दिवसांपूर्वीच कळलं होतं. आधी हे वाच: ढगोबा आहे, आणि खातो आहे.

चोवीस तारखेला सकाळी तो वर आला नाही. खाली त्याने गोळ्या हुंगून सोडल्या, लेंड्या आदल्या संध्याकाळपासून नाहीत, पोट फळीसारखं. तुझ्या आत्याने त्याला कामाच्या ॲप्रनमध्ये गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी खाणं विचारलं, हिने अभिमानाने माप सांगितलं. त्यांनी वजन केलं आणि म्हणाल्या की एवढ्या मापावर ससा इतका होत नाही, घरात दुसरा कप असला पाहिजे.

मग ती जिना चढली. सहा वर्षांत प्रथमच. दारात उभी राहून तिने मला विचारलं की तू त्याला काय घालतोस. मी पियानोवरच्या कपाकडे बोट दाखवलं. तिने ॲप्रनच्या खिशातून आपला कप काढून त्याच्या शेजारी ठेवला. अगदी जुळे कप.

डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं होतं आणि पातळ लापशी, दर दोन तासांनी पिचकारीने भरवायची. तिने मांडीवर धरला, मी भरवलं. मधल्या वेळात त्याचं पोट चोळत जिन्याच्या वळणावर बसून राहिलो, कारण तो तिथेच शांत राहत होता. तेव्हा तिने सांगितलं. तुझी आई गेल्यावर मी तिच्या कपड्यांच्या कपाटासमोर दिवसच्या दिवस बसायचो. ती रोज जिन्यावर ताट ठेवायची आणि ते तसंच्या तसं परत न्यायची. नवव्या दिवशी घाबरून तिने कपाट रिकामं केलं. मला कपडे गेलेले आठवत होते, खारूताई. ताटं आठवतच नव्हती.

ती म्हणाली की विचारायला हवं होतं. मी म्हटलं की मी उत्तर दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ऊन वळणावर आलं तेव्हा ढगोबाने मान वळवून गवताची एक काडी ओढली. खसखस. आम्ही कान देऊन ऐकत होतो. मी आजवर लावलेल्या सगळ्या सुरांत असा सच्चा सूर लागला नव्हता. आता एकच कप आहे, तो वळणावर असतो. ज्याने गोळ्या दिल्या त्याने तो पालथा घालायचा. गवताची टोपलीही तिथेच, आणि आम्हीही बहुतेक वेळ तिथेच.

आणखी लिहिणार होतो, पण खालून हाक आली. सहा वर्षांनी कुणी मला दादा म्हणून हाक मारली. जेवायला जातो. बाकीचं तीच लिहील.

ता. क. बाकीचं काही नाही. दादा दुसऱ्यांदा वाढून घेतोय, म्हणून पेन माझ्या हातात आलं. गवत ताजं आणलंय. कप पालथा आहे.
आत्या