मॅटवर पाच जणी

सनद, बहारीन
शुक्रवार सकाळ

प्रिय विशाखा,

मथुराला तू अडवायला हवं होतंस का? ऑगस्टमध्ये व्हॉट्सअॅपवर तू मला एवढंच विचारलंस, मागेपुढे काही नाही. मी ते वाचलं हे तुला दिसलं, आणि उत्तर दिलं नाही हेही दिसलं. त्यानंतर तू मला काही विचारणंच सोडलंस. आज अडीच महिन्यांनी कागद घेऊन बसले आहे आणि उत्तर मला अजूनही माहीत नाही. पण उत्तर माहीत नव्हतं म्हणून मी गप्प बसले असं नाही. गप्प बसायचं कारण दुसरं होतं. तिथपर्यंत यायला मला थोडा वेळ लागेल. वाचत राहा, फाडू नकोस.

इथे आता कुठे उन्हाचा जोर उतरलाय. ऑक्टोबर संपत आला की सनदमधली माणसं पुन्हा रस्त्यावर चालताना दिसू लागतात. अब्बा शुक्रवारच्या नमाजला लवकर निघतात आणि येताना मासळी घेऊन येतात. बावीस वर्षं झाली तरी इथल्या माशाला नावं ठेवणं सुटलेलं नाही. 'चव मफी', म्हणजे चवच नाही, म्हणतात आणि दोनदा वाढून घेतात. मी सलमाबादला नजीबसेठच्या गोदामावरच्या ऑफिसातच आहे. नळ, पाइप, शॉवर, डिलिव्हरी नोट, कामगारांच्या रजा, सगळं माझ्या टेबलावरून जातं. 'आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट' अशी अब्बा माझी ओळख करून देतात. पूर्वी त्याने पाठ ताठ व्हायची, हल्ली नुसतं दमायला होतं. तीन वर्षं शिकून मला नेमकं काय येतं, तर एकही चूक न करता पत्र टाईप करता येतं.

नजीबसेठनी आपल्या कॉलेजला कबड्डीची मॅट दिली, एवढं तुला माहीत आहे. ती कशी मिळाली ते माहीत नाही. आपल्या खाडीपट्ट्यातली मंडळी महिन्यातून एका शुक्रवारी ईसा टाउनला एका हॉलमध्ये जमतात. शाळेचं छप्पर, मशिदीची मोटर, देवळाची कमान, कुणाचं डायलिसिस, सगळ्याची वर्गणी तिथेच होते. फेब्रुवारीत मी उठून उभी राहिले. हॉलमध्ये बायका मोजून चार, त्याही मागे. मी म्हटलं, आमच्या मुली वर्षभर मातीवर सराव करतात आणि स्पर्धा मॅटवर असते, पहिल्या दोन चढायांत पायच ठरत नाही. मग तू पाठवलेल्या क्लिपांमधून मी कापून जोडलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ लावला. त्यात मथुराची ती चढाई होती. तिघी अंगावर, एकीने घोटा धरलेला, आणि तरी हात लांबवून बोटाचं टोक मध्यरेषेपलीकडे. ती मी तीनदा जोडली होती, तिसऱ्यांदा संथ करून. मॅट मागायला एकदा पुरली असती. पण मला दाखवायचं होतं, बघा, आमच्याकडे काय आहे. बिर्याणीतून मान वर न काढणारे लोक बघायला लागले. नजीबसेठ म्हणाले, "बाय, परत लाव." मी परत लावला. मॅट मंजूर झाली. घरी येताना गाडीत मी रडले, तुला त्याच वेळी फोन केला, आठवतं? तू ओरडलीस की कानाला दडे बसले. सेठ नवी मुंबईतल्या एका मोठ्या कॉलेजचे विश्वस्तही आहेत, हे मी तेव्हा सांगितलं नाही. त्याला काही महत्त्व आहे असं मला वाटलंच नव्हतं.

जूनच्या अखेरीस सेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. "यल्ला, चल बाय, एक पत्र टाईप कर." नवी मुंबईच्या त्या कॉलेजात फी माफ, होस्टेल, जेवण, बुटांच्या दोन जोड्या आणि महिन्याला पंधरा हजार. नावाच्या जागी मथुराचं नाव. विशाखा, ते पत्र मी टाईप केलं. मी विचारलं होतं, सेठ, मग आपल्या कॉलेजच्या टीमचं काय? ते चिडले नाहीत. वाईट माणूस नाहीत ते, किती मुलांच्या फिया भरतात ते मी रोज बघते. म्हणाले, "मी कुणाचं नेत नाही गो. पोरीला वर काढतो. तिथं राहून काय करणार होती ती, आईसारखी काजू सोलणार?" मी पत्र दोनदा तपासलं, प्रिंट काढली, शिक्का मारला. त्या दिवशी तुला फोन करता आला असता. केला नाही. तुला वाटलं असेल, त्यांनी मथुराला कुठल्यातरी स्पर्धेत पाहिलं. नाही. माझ्या व्हिडिओत पाहिलं.

मग तिच्या मागोमाग आणखी दोघी गेल्या, एक पनवेलला, एक ठाण्याला, मथुरा नाही तर आम्ही इथे काय खेळणार म्हणून. त्यांची पत्रं आमच्याकडून गेली नाहीत, पण दार उघडलं ते इथूनच. ऑगस्टमध्ये ईसा टाउनला जमणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर मॅटच्या उद्घाटनाचा फोटो आला. सेठचे धाकटे भाऊ फीत कापताहेत, प्राचार्य, सरपंच, सगळे चपला-बूट घालून मॅटवर उभे. मागे कोपऱ्यात तू, आणि तुझ्या शेजारी अनवाणी मुली. मी मोजल्या. पाच. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडत होता. त्याच संध्याकाळी तुझा प्रश्न आला.

मथुरा मला अधूनमधून फोन करते. तुला सांगू नको म्हणाली होती, पण आता मला कुणाचं काही लपवायचं त्राण नाही. तिथे तिच्यासारख्या चौदा जणी आहेत, प्रत्येकीच आपापल्या कॉलेजची मथुरा. चढाईला तिचा नंबर चौथा. "ताई, बाकावर बसून माझी मांडी सुन्न होते," म्हणाली, आणि हसली. मी म्हटलं, परत जायचंय का? मग म्हणाली, आईने कारखाना सोडला. काजूच्या चिकाने तिच्या आईची बोटं कशी काळी पडलेली असायची, तुला आठवत असेल. आपण सामना जिंकून तिच्याकडे गेलो की ती हात पदराखाली घेऊन चहा द्यायची. मथुरा म्हणाली, "ताई, बोटांची नखं परत गुलाबी दिसायला लागलीत. आता सांगा, मी परत येऊ?" सांग विशाखा, तू काय म्हणाली असतीस? तिला अडवायला हवं होतं असं मी म्हणायला गेले की मला ती नखं दिसतात. अडवायला नको होतं असं म्हणायला गेले की त्या पाच जणी दिसतात. मी दमले आहे या दोन्हींमध्ये जा-ये करून.

आणि कुणी मला विचारलं की आपल्या टीममधून पहिली कोण गेली, तर ती मथुरा नाही. मी गेले. शेवटच्या वर्षी, विभागीय फायनलला आठ दिवस असताना, माझा व्हिसा आला; परीक्षा मी पुढच्या वर्षी येऊन दिली. सेठनी जागा धरून ठेवली होती, अब्बा म्हणाले आत्ता नाही तर नाही. तू मला एका शब्दाने अडवलं नाहीस. उलट माझी बॅग भरायला आलीस आणि माझे गुडघ्याचे पॅड मागून घेतलेस, 'तुला तिकडे काय करायचेत' म्हणून. तीन वर्षं मी डावा कोपरा आणि तू माझ्या शेजारी, तुझा डावा हात माझ्या उजव्या हातात. कुठल्या चढाईला पुढे घुसायचं हे तू बोटं दाबून सांगायचीस. माझ्या जागी एक नवखी मुलगी उभी राहिली. तिला तुझी बोटं कळली नाहीत, ती उशिरा आली, आणि तू एकटी पुढे गेलीस. गुडघा तिथे गेला. हे मला तू कधीच सांगितलं नाहीस. अम्मीने फोनवर सांगितलं, तेही चार महिन्यांनी, 'विशाखा लंगडते हल्ली' म्हणून, जशी गावातली काहीही बातमी सांगावी तशी. तेव्हापासून तू सकाळी औषधांच्या दुकानात उभी राहतेस आणि दुपारी त्याच पायाने मुलींना शिकवतेस. कॉलेज तीन हजार मानधन देतं, तेही मार्चमध्ये एकदम. आणि तरी तुझ्या हाताखालून मथुरा तयार होते.

ही शेवटची गोष्ट नजीबसेठच्याही लक्षात आली. या महिन्याच्या सुरुवातीला ते म्हणाले, पोरी आणून उपयोग नाही, पोरी घडवणारी आणली पाहिजे. तुझी मैत्रीण ना ती? तू लिही, तुझं ऐकेल. नवी मुंबईच्या कॉलेजात पस्तीस हजार पगार, राहायला खोली आणि गुडघ्याच्या ऑपरेशनचा सगळा खर्च कॉलेजचा. मी केबिनच्या बाहेर आले, पाणी प्यायले, आणि पुढच्या दिवशी त्यांना सांगितलं की मी विचारलं, ती नाही म्हणते. सेठ म्हणाले, खलास, दुसरा बघू. दोन आठवडे मी फार खूश होते. मला वाटलं, मथुराच्या वेळी जमलं नाही ते आता केलं, कॉलेजची टीम वाचवली. दहा नोव्हेंबरला विभागीय स्पर्धेची नावं द्यायची आहेत, तू आणखी दोघी कुठून तरी उभ्या करशील, तू असलीस म्हणजे टीम असेल, तू गेलीस तर त्या मॅटवर फक्त पाहुण्यांच्या खुर्च्या मांडतील. मग मागच्या शुक्रवारी अम्मीचा फोन आला आणि बोलता बोलता तिने जुनी गोष्ट काढली. बारावीनंतर चुलते स्थळ घेऊन आले होते, आणि 'सुहाला विचारलंय, तिला पुढे शिकायचं नाही' असं त्यांनी अब्बांना फोनवर परस्पर सांगून टाकलं होतं. अम्मीने फोन ओढून घेतला होता, "तिला विचारलंय कुणी?" एवढंच म्हणून. त्या एका वाक्यावर मी कॉलेजात गेले, तुला भेटले. अम्मी हसत होती. रविवारी ऑफिस उघडल्याबरोबर मी सेठकडे गेले आणि सांगितलं, मी खोटं बोलले, मी तिला विचारलंच नव्हतं. ते संत्रं सोलत होते. ते त्यांनी बाजूला ठेवलं. म्हणाले, "तुझ्या शब्दावर मी दोन आठवडे दुसरा कोच शोधत फिरलो, बाय." मग म्हणाले, पत्र कर, आणि आजपासून कॉलेजच्या ट्रस्टची फाइल ऑफिसातल्या प्रवीणला दे. नोकरी राहिली. फाइल गेली. यापुढे कुणाला पत्र जातंय ते मला कळणारही नाही. माझ्या हातून त्या फाइलमधलं शेवटचं पत्र गेलं ते तुझ्या नावाचं. त्यात मी एक शब्द वाढवला नाही आणि एक कमी केला नाही. आमचा पिकअप चालवणारा संतोषदादा आज सुट्टीवर गावी निघतोय, तो अकराला खाली येऊन ही चिठ्ठी नेईल. पण कॉलेजच्या पत्राचं पाकीट मी काल संध्याकाळीच त्याच्या बॅगेत ठेवलं, माझं मन पुन्हा फिरायच्या आत. मॅटवर घालायच्या बुटांच्या पाच जोड्या पाठवल्या आहेत, त्यांच्याखाली आहे ते, शिक्का मारलेलं, बंद. उत्तर मला देऊ नकोस. पत्रावर सेठचा नंबर आहे.

तुझीच,
सुहा