धुळीची डॉक्टर

३ मार्च, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. इथे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. पाठ धरली आहे, डोळे चुरचुरतात, आणि तुझं पाकीट आठ दिवस उत्तराविना टेबलावर पडून आहे.

"तू धुळीची डॉक्टर, छातीचा फोटो बघ आणि काय ते कळव," असं लिहिलंस. आधी हसू आलं. दादा, माझ्या दारावर डॉक्टर लिहिलंय ते प्रबंध लिहिला म्हणून. मी आकाशगंगांमधली धूळ मोजते.

तुला कधी नीट सांगितलंच नाही. सुरुवातीला आकाशगंगेत धूळ नव्हतीच, नुसते हलके वायू. ताऱ्यांच्या पोटात कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन तयार झालं, तारे मेले तसं ते बाहेर पडलं, त्याचे कण झाले. त्यातूनच पुढचे तारे. दर पिढीत भर पडत गेली. तू कापतोस त्या दगडातलं सिलिकॉनही तिथलंच. थोडी धूळ ताऱ्यांच्या स्फोटांत नाहीशी होते. किती साठते, किती जाते, एवढंच मी बावीस वर्षं शोधतेय.

बघ, मुद्दा टाळून कुठे भरकटले.

फोटो मी छातीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवला. भाऊ काय काम करतो, त्यांनी विचारलं. म्हटलं, दगड कापायच्या यंत्रावर, एकोणतीस वर्षं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. विश्रांती घेतली तर धूळ निघेल ना, असं मी विचारलं.

"आत गेलेली निघत नाही," त्या म्हणाल्या. "नवी जाऊ द्यायची नाही, एवढंच हातात आहे."

तू त्या यंत्रापाशी उभा राहिलास म्हणून मी शिकले. सुट्टीत यायचे तेव्हा तुझे पांढरे झालेले केस झटकून, म्हातारा झालास म्हणून चिडवायचे. खोकायचास, तर विडी सोड म्हणायचे. आयुष्यभर धूळ मोजली आणि घरातली दिसली नाही. माझी मलाच लाज वाटते, दादा. फार थकले आहे.

पत्र वहिनीला वाचून दाखव, लपवू नकोस. उद्यापासून कामावर जायचं नाही. मुकादम "महिनाअखेरपर्यंत तरी" म्हणेल आणि तू मान डोलावशील, ओळखून आहे तुला. शनिवारी येते. घरी नसलास तर थेट कारखान्यात येईन, तोंडाला काही न बांधता तुझ्या शेजारी उभी राहीन, आणि तू निघेपर्यंत हलणार नाही.

तुझ्याइतकीच हट्टी,
धाकटी