गोधड्या आईच्या, नाव तुझं

फोन का ठेवलास, दादा? मग आता वाच.

जळगावच्या या जुन्या हवेलीतल्या प्रदर्शनाला तू आईच्या बारा गोधड्या दिल्यास आणि नाव सांगितलंस, 'दीपक पाटील संग्रह'. आईला उद्घाटनाला आण म्हटलं, तर म्हणालास, "तिला काय कळतं त्यातलं?"

पण इथल्या पाट्या मी लिहिते. प्रत्येक गोधडीखाली लिहिलंय, 'शिवणारी भिकुबाई चुडामण पाटील, पारोळा.' दारातल्या गोधडीखाली अजून एक ओळ आहे, 'निळा तुकडा मुलाच्या शाळेच्या चड्डीचा. मुलगा दहावीला तीनदा बसला.' लोक हसतील तेव्हा हारासाठी मान वाकव.

आई म्हणत होती, "मन्हं नाव कसाले लिखस, माय?" तिचा गुडघा सुजलाय, हे मला वहिनीने सांगितलं. तू नाही.

हे पत्र तुला रविवारी सकाळी वहिनीने भाकरीच्या टोपल्यात ठेवलेलं सापडेल. तोवर वहिनी आईला घेऊन एसटीत बसलेली असेल. संध्याकाळी फीत आई कापणार, आणि महिनाभर इथल्या बायांना गोधडी शिकवणार. वहिनीही शिकायला इथेच राहणार. तुझी भाकर तू थाप.

नमस्कार त्या दोघींना, तुला नाही. तू वाचशील तेव्हा मी फोन बंद करून त्यांना घ्यायला स्टँडवर गेलेली असेन.

भिकुबाईची रत्ना